लांब पल्ल्याच्या रपेटीत घोड्याची तब्येत कशी तपासावी

कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप ही शर्यत होते. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, २४ तासांत. निघालेल्यांपैकी जेमतेम निम्मे शेवटच्या ठिकाणी, ऑबर्न गावी, पोचतात. कित्येकांना वाटेतले पशुवैद्यच थांबवतात, कारण घोडा स्वतःहून थांबत नाही. दमला तरी पुढच्या घोड्यामागे धावतो. म्हणून तपासायचं आपणच.

सुरुवात तबेल्यात करा. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून शांत उभ्या घोड्याचे ठोके मोजा. मिनिटाला २८ ते ४४ असावेत. श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. दोन्ही कुशींना कान लावून पोटातली गुडगुड ऐका. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. सगळं वहीत लिहा. आपल्या घोड्याचं नेहमीचं काय, हे माहीत नसेल तर वाटेत मोजून उपयोग नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचलात की उतरा, तंग सैल करा, अंगावर पाणी ओता. तापल्या घोड्यावर गार पाणी घालू नये, ही समजूत चुकीची आहे, भरपूर घाला. मग ठोके मोजा. अनेक शर्यतींत ठरलेल्या वेळात ६४ वर यावे लागतात, म्हणजे १५ सेकंदांत १६. त्यानंतर सुमारे ३८ मीटर दुडकत नेऊन तसाच परत आणा आणि दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. चार किंवा जास्त ठोके वाढले तर कुठेतरी दुखतंय किंवा घोडा थकलाय. माझ्या मते ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी. दुडकताना चालही बघा: दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. शर्यतीतून बाद होण्याचं सगळ्यात मोठं कारण हे लंगडणंच.

आता पाण्याचं. इथेच नवखे फसतात. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट, घोड्याचा मात्र रक्ताइतका किंवा त्याहून खारट. उन्हात तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो आणि त्याबरोबर मीठही. पाणी आणि मीठ एकदमच गेल्याने मेंदूला तहान लागल्याचा निरोप नीट पोचत नाही. अंग सुकत चाललेलं आणि घोडा बादलीकडे बघतही नाही! खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. सावकाश बसली तर पाणी कमी पडलंय. वाटेतल्या प्रत्येक ओढ्यावर थांबा, ओला चारा द्या. क्षारांची पेस्ट घोडा पाणी पिऊ लागल्यावरच द्या. कोरड्या पोटी दिलेलं मीठ शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. खायचा सोडा घातलेली क्षारांची मिश्रणं टाळा.

पुढचं काही दिसलं तर शर्यत तिथेच संपली समजा आणि पशुवैद्याला बोलवा.

कुशी हृदयाच्या ठोक्याबरोबर उडतायत, उचकी लागल्यासारख्या: घामावाटे कॅल्शियम आणि इतर क्षार गेल्याची ही खूण.

मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक, पाऊल उचलवत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची: स्नायू फुटतायत. इथे एक पाऊलही चालवू नका. ‘जरा फिरवला की मोकळा होईल’ म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

जमीन उकरतो, वळूनवळून कुशीकडे बघतो, लोळतो, पोटात आवाज नाही: पोटशूळ. चारा काढून घ्या. मनाने वेदनाशामक देऊ नका. पाणी कमी असलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडांवर ते बेततं.

शेवटची रेघ ओलांडली तरी त्या रात्री झोप विसरा. पोटशूळ कधीकधी काही तासांनी उठतो. दर दोन तासांनी कंदील घेऊन जा: चारा खाल्ला का, बादलीतलं पाणी किती उतरलं, लीद पडली का, लघवीचा रंग कसा आहे. दुसऱ्या दिवशी गाडीत चढवण्याआधी पुन्हा एकदा दुडकवून बघा.