जुन्या कॅबिनेटमध्ये वॉटर कूलिंग करताय? पाणी भरण्याआधी या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली की कधी ना कधी एखादं भक्कम कॅबिनेट नजरेत भरतं. मला तिथे अ‍ॅपलच्या पॉवर मॅक जी-५ची ॲल्युमिनियमची पेटी मिळाली. २००३ ते २००६ या काळातलं हे मशीन. उंची सुमारे ५१ सेंटिमीटर, रुंदी साडेवीसच्या आसपास, पुढून-मागून जाळीदार भोकं आणि वर-खाली धरायला कड्या. अशा पेटीत आजचा पीसी बसवावा आणि तो पाण्याने थंड ठेवावा, असं अनेकांना वाटतं आणि ते सुंदर होतंही. यात पंप टाकीतलं पाणी सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि ग्राफिक्स कार्डावर बसवलेल्या धातूच्या ब्लॉकमधून फिरवतो, पंखे लावलेला रेडिएटर ते थंड करतो, आणि या पूर्ण फेऱ्याला लूप म्हणतात. पण या कामात मदतीसाठी माझ्याकडे आलेल्या मशीनमधले बहुतेक बिघाड पाण्यामुळे झालेले नव्हते. ड्रिल फिरवला त्या दिवशीच ते ठरून गेले होते, पाण्याने फक्त ते उघड केले.

पेटी घेताना आधी तिचा तळ बघा. जी-५ची २००४ पासूनची काही वेगवान मॉडेल कारखान्यातूनच लिक्विड कूलिंग घेऊन आली होती आणि कालांतराने त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये कूलंट (थंड करणारं द्रव) गळलं. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तळाशी असल्यामुळे गळती थेट त्याच्यावर उतरायची. आतल्या पत्र्यावर पांढरी खरबरीत पूड किंवा चिकट डाग दिसले तर तो भाग घासून, धुऊन, पूर्ण कोरडा करूनच पुढचं काम धरा.

मापं फक्त कागदावर घेणं

२४० मिमीचा रेडिएटर २४० मिमीचा नसतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या टाक्या धरून लांबी साधारण २७५ ते २८५ मिमी भरते. जाडी ३० मिमी, त्यावर पंख्याचे २५, त्यापुढे नळी जोडायचं फिटिंग आणि तिथून वळणारी नळी. कागदावर छान बसलेलं डिझाइन इथेच फसतं. मी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून रेडिएटर, पंप आणि ग्राफिक्स कार्ड यांचे खऱ्या मापाचे ठोकळे करतो आणि ते चिकटपट्टीने पेटीत लावून झाकण बंद होतंय का ते बघतो. दोन संध्याकाळी जातात, पण पत्रा एकदा कापला की परत जोडता येत नाही. जी-५मध्ये मदरबोर्डचे खांब आजच्या एटीएक्स (पीसी बोर्डांचं नेहमीचं माप) बोर्डांच्या भोकांशी जुळत नाहीत. जुने खांब काढून नवे बसवावे लागतात किंवा दुसऱ्या कॅबिनेटचा ट्रे कापून आत लावावा लागतो. जुना एकही खांब बोर्डाखाली चुकून राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. पुढच्या पॉवर बटणाच्या वायरींची मांडणीही वेगळी असते, म्हणून मल्टिमीटरने एकेक वायर ओळखून मगच ती बोर्डाला जोडा.

किती रेडिएटर लागेल? प्रत्येक १०० वॅटला एक १२० मिमीची, म्हणजे एका पंख्याएवढी जागा हा ठोकताळा घरगुती वापराला पुरतो. रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर पूर्ण जोरात १४२ वॅटपर्यंत घेतो आणि आरटीएक्स ३०७० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा २२० वॅट. बेरीज ३६० वॅटच्या पुढे जाते. एकच २४० मिमीचा रेडिएटर लावला तर चालतो, पण पंखे कायम किंचाळत राहतात. मी बोर्ड छोट्या मापाचा, मायक्रो-एटीएक्स घेतला आणि वरच्या कप्प्यात छोटा एसएफएक्स आकाराचा एसएमपीएस ठेवला, म्हणून पुढे एक आणि तळाला एक असे दोन रेडिएटर मावले.

चुरा आणि लांब स्क्रू

ॲल्युमिनियम कापताना जो चुरा उडतो तो दिसायला चमकी आणि वागायला तारेच्या तुकड्यांसारखा. बोर्ड आत असताना एक भोकसुद्धा पाडू नका. भोकं मोठी करायला स्टेप ड्रिल, गोल कापायला होल सॉ आणि कडा मारायला कानस वापरा. काम झालं की पूर्ण पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. कडा धारदार राहिली तर नळी दोन महिन्यांत घासली जाते, म्हणून जिथून नळी पत्र्यातून जाते तिथे रबराचं ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घालाच.

स्क्रूची गोष्ट मात्र मला महागात पडली. जागा वाचवण्यासाठी तळाच्या रेडिएटरला मी १५ मिमी जाडीचे पातळ पंखे लावले, पण स्क्रू घेतले नेहमीचे ३० मिमीचे. २५ मिमीच्या पंख्याला ते बरोबर असतात. इथे ते दहा मिमी जास्त आत जाणार होते. चौथा स्क्रू आवळताना शेवटच्या दोन फेऱ्यांना अचानक जरा घट्ट लागलं आणि मग एकदम सैल झालं. त्या सैल होण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. स्क्रूच्या टोकाने पाण्याची चपटी नळी फोडली होती. बऱ्याच रेडिएटरमध्ये भोकाखाली नळी वाचवायला पट्टी नसते. म्हणून आता मी प्रत्येक स्क्रू आधी पंखा आणि पत्रा यांच्या एकत्र जाडीशी धरून बघतो आणि पलीकडे चार-पाच मिमीपेक्षा जास्त टोक निघत असेल तर वायसर घालतो किंवा स्क्रू कापतो. स्क्रू जोर लावून घालायचा नसतो. एम-३ आणि ६-३२ हे दोन आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात, आणि एकाच्या भोकात दुसरा रेटला की आटे जातात.

नळकामाच्या सवयी इथे आणणं

आपल्याकडे कुठलाही आटा दिसला की हात टेफलॉन टेपकडे जातो. पीसीच्या फिटिंगला जी १/४ माप असतं, म्हणजे पाव इंची समांतर आटे, आणि पाणी आट्यांनी नाही, ओ-रिंगने (रबराच्या गोल कडीने) अडतं. टेप गुंडाळली तर फिटिंग पूर्ण बसत नाही, ओ-रिंग दबत नाही आणि ॲक्रिलिकच्या टाकीवर जोर येऊन तडा जाऊ शकतो. ओ-रिंगला थेंबभर कूलंट लावा, हाताने आवळा आणि वर पाव फेरा द्या, बास. हार्डवेअरच्या दुकानातली पाव इंची पितळी निप्पल स्वस्त पडतात, पण बरीच निमुळत्या आट्यांची असतात, शिवाय त्यांचा आटा लांब असल्यामुळे ब्लॉकच्या आत तळाला टेकतात. आरओ फिल्टरची पाव इंची नळी हे तर वेगळंच माप, ती बाहेरून सव्वासहा मिमीची असते.

नळीचंही तसंच. गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी दहा मिमी आतल्या व्यासात सहज मिळते आणि मोह होतो. साध्या पीव्हीसीला मऊपणा देणारा प्लॅस्टिसायझर गरम पाण्यात हळूहळू सुटतो, नळी दुधाळ होते आणि तो चिकट थर सीपीयू ब्लॉकच्या केसासारख्या बारीक पात्यांमध्ये जाऊन बसतो. सहा महिन्यांनी तापमान चढायला लागतं आणि माणूस सीपीयू आणि ब्लॉक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलत बसतो. पहिल्या बिल्डला काळी ईपीडीएम रबराची नळी घ्या. दिसायला साधी, पण वर्षानुवर्षं टिकते.

कुठलं पाणी?

आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, त्यात क्षार उरतातच. उकळून गाळलेलं पाणीही चालत नाही, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या आणि त्यात पीसीसाठीचं गंजरोधक आणि शेवाळरोधक मिश्रण घाला, किंवा तयार पारदर्शक कूलंट वापरा. दुधी रंगाची कूलंट फोटोत देखणी दिसतात, पण त्यातले कण खाली बसतात, म्हणून रोज वापरायच्या मशीनला मी ती सुचवत नाही. ‘शुद्ध पाण्यातून वीज जात नाही’ या वाक्यावर विसंबू नका. लूपमध्ये फिरताच पाणी धातूंचे आयन उचलतं आणि काही दिवसांत वीज वाहायला लागतं.

सगळ्यात घातक मिश्रण धातूंचं. जुन्या सीलबंद कूलरमधला ॲल्युमिनियमचा रेडिएटर काढून तांब्याच्या ब्लॉकला जोडला की एकाच पाण्यात दोन धातू येतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बाहेरची पेटी ॲल्युमिनियमची असली तरी हरकत नाही, पाणी तिला लागत नाही. लूपमध्ये मात्र तांबं, पितळ आणि निकेल यांच्यापलीकडे काही नको. नवा रेडिएटरही कोमट डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा विसळा, आत सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलेला असतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

पीसीच्या धातूच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, हे बहुतेक घरांत ‘असंच असतं’ म्हणून सोडून देतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारा हा बारीक प्रवाह अर्थिंग असेल तर जमिनीत जातो, नसेल तर पेटीवर थांबतो. पाण्याचं मशीन करताना आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. शिवाय जी-५सारख्या ॲनोडाइज्ड पत्र्याचा वरचा थर वीज वाहत नाही. एसएमपीएसच्या स्क्रूखाली पत्रा थोडा खरवडून दातेरी वायसर घातला नाही, तर अर्थिंग असूनही पेटीपर्यंत पोचत नाही. मल्टिमीटरने पेटी आणि प्लगची मोठी पिन यांच्यात सलगता बघा.

थेट पाणी भरणं

आधी हवा भरा. घरी घड्याळाच्या काट्याचं बीपी मोजायचं यंत्र असेल तर त्याचा रबरी फुगा आणि डायल लूपच्या एका तोंडाला घट्ट बसेल अशा निप्पलने जोडा, बाकीची तोंडं बंद करा आणि काटा २५० पर्यंत न्या. तेवढा दाब म्हणजे साधारण ०.३३ बार, लूपला पुरेसा आणि ॲक्रिलिकला झेपणारा. अर्धा तास सोडा. काटा जागचा हलला नाही तरच पाणी आणा. माझा फुटलेला रेडिएटर असाच सापडला, काटा दोन मिनिटांत शंभरावर आला होता. थेट पाणी भरलं असतं तर ते पेटीत सांडलं असतं.

पाणी भरताना फक्त पंप चालवा. बोर्ड आणि कार्डाच्या सगळ्या वायरी काढा. बाहेर ठेवलेल्या जुन्या एसएमपीएसच्या २४ पिन कनेक्टरची हिरवी आणि शेजारची काळी वायर जोडून पंपाला वीज द्या. डी-५ किंवा डीडीसी या प्रकारच्या पंपाचं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा पंप काही सेकंदही फिरवू नका. टाकी भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, थांबा, पुन्हा भरा. टाकी पंपाच्या वरच असली पाहिजे. जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि पेटी तिरकी करून बुडबुडे काढा. मग पंप असाच चोवीस तास चालू ठेवा. डी-५ पूर्ण वेगात २० वॅटपेक्षा जास्त घेतो आणि बोर्डाचे साधे फॅन हेडर (पंखा जोडायच्या पिना) एक अँपिअरचे, म्हणजे बारा वॅटचेच. वीज एसएमपीएसच्या मोलेक्स किंवा साटा कनेक्टरमधूनच द्या, हेडरला फक्त वेग सांगणारी वायर जोडा.

चालू झाल्यावर गरम होतंय

इथे अंदाजाने पेस्ट बदलण्यापेक्षा लूपमध्ये पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बसवा, थोडक्या पैशांत अर्धं निदान होतं. पाणी थंड आणि सीपीयू तापलेला असेल तर दोष ब्लॉकचा. तळाची प्लॅस्टिकची फिल्म राहिलीय, स्क्रू एकाच बाजूने आवळलेत किंवा आत-बाहेरची तोंडं उलटी जोडलीयत. पाणीच तापलं असेल तर रेडिएटर, पंखे किंवा हवा. जी-५ची पुढची जाळी छान दिसते, पण तिच्यामागे दाट फिल्टर लावला की हवा कोंडते.

आधी सीपीयू की आधी ग्राफिक्स कार्ड, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ३०० वॅट उष्णतेने ते एकदा जाताना फक्त एक अंशाने तापतं. क्रमाने काही फरक पडत नाही, जवळची नळी जोडा.

विदर्भातल्या मित्रांसाठी वेगळं सांगतो. पाणी खोलीच्या तापमानाखाली जात नाही. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर असेल तर पाणी ५२ च्या आसपास जाईल, आणि पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्या व डी-५ पंप साठच्या पुढे न्यायचे नसतात. तिथे रेडिएटर एक जास्तीचा धरा. आणि कोकणातल्या दमट हवेत नळ्यांना घाम फुटेल ही भीतीही नको, कारण नळ्या खोलीपेक्षा थंड होतच नाहीत. टाकीत बर्फ टाकण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये, तेव्हा खरंच थेंब जमतात.

ड्रेनचा नळ विसरू नका. लूपच्या सगळ्यात खालच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक बॉल व्हॉल्व्ह ठेवा, आणि तो पेटी न उघडता हाताला येईल असा. वर्षातून एकदा पाणी बदलायचं आहे.

तरीही गळलंच तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करा आणि प्लग काढा, मग पुसायला घ्या. भिजलेलं कार्ड किंवा बोर्ड काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने कूलंटचा थर धुवा, पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस उभं ठेवा. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. स्लॉटच्या आत आणि चिपच्या कडेखाली टॉर्च मारून बघा. हिरवट किंवा पांढरा ठिपका दिसत असेपर्यंत वीज देऊ नका, पुन्हा धुवा.