डॉक्टरांच्या युद्धडायरीतली नावं लागत नसतील, तर आधी औषधं वाचा

जुन्या डायरीत एखादं नाव लागलं नाही की माणसं त्याच नावावर तासन् तास नजर रोवून बसतात. तसं करू नका. नाव कोण कसं लिहील याचा नेम नसतो. औषधाचं स्पेलिंग मात्र ठरलेलं. डायरी डॉक्टरांची असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

माझी हयात सांगलीत औषधांच्या दुकानात गेली, मिरजेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात. ते माहीत असल्यामुळे ओळखीच्या घरातली एक मुलगी आजोबांची वही घेऊन आली. "काका, बाकीचं समजतंय, नावं तेवढी लागत नाहीत." आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजावर डॉक्टर होते. वही इंग्रजीत, १९४५च्या सुरुवातीची, ब्रह्मदेशातल्या अराकान किनाऱ्यावरची. २०१९च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा भिजलेली.

भिजलेली वही आधी पूर्ण वाळू द्या, पण उन्हात नको. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. मग प्रत्येक पानाचे दोन फोटो घ्या, एक सरळ उजेडात आणि एक बाजूने टॉर्च आडवा धरून. शाई गेली तरी निबाची किंवा पेन्सिलीची रेघ कागदात दबलेली असते, ती आडव्या उजेडात दिसते. फोटो सुधारायच्या ॲपमध्ये लाल, हिरवा, निळा असे रंग वेगळे करता येतात. फिकी निळी शाई लाल भागात गडद होते. त्या काळी कॉपिंग पेन्सिल वापरायचे. ती भिजली की जांभळी पसरते. तिच्यासाठी हिरवा भाग बघा.

आता औषधं. त्या आघाडीवर मलेरिया फार, म्हणून मेपाक्रिन पानोपानी सापडतं. हगवणीवर सल्फाग्वानिडिन, न्यूमोनियावर एम अँड बी ६९३, कातडीच्या तक्रारींवर जेन्शियन व्हायोलेट. एवढ्या चार नावांत इंग्रजीतली अर्ध्याहून जास्त मुळाक्षरं येऊन जातात. कोऱ्या कागदावर रकाने आखा आणि डॉक्टर प्रत्येक अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कसं काढतात ते हुबेहूब उतरवून घ्या. या तक्त्यावर वेळ घालवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमच्या वहीत एका आजाऱ्याचं नाव घरच्यांनी 'पार्कर' वाचलं होतं, म्हणजे कुणी गोरा अधिकारी. प्रश्न शेवटून दुसऱ्या अक्षराचा होता, ते 'ई' की 'ए'? मेपाक्रिनच्या स्पेलिंगमध्ये ही दोन्ही अक्षरं आहेत. डॉक्टरांचा 'ई' म्हणजे बारीक, मिटलेला फास. 'ए' मात्र वरून उघडा, आणि उजवी काडी खाली येऊन पुढच्या अक्षराला भिडते. नावातलं अक्षर वरून उघडं होतं. मग नावाच्या आधी काय आहे ते पाहिलं, तर 'स्टोकर', म्हणजे बॉयलरवरचा खलाशी. अधिकारी बाद झाला. पुढे काही पानांनी त्याच माणसाच्या रजेच्या नोंदीत 'दापोली' आहे. हा कोकणातला परकार! नौदलात रत्नागिरीकडची माणसं पूर्वीपासून होती. म्हणून नाव एकटं वाचू नका, मागचा हुद्दा आणि पुढचं गाव धरून वाचा.

आपली आडनावं इंग्रजीत फसवतात. 'मोरे' लिहिलं तर ते इंग्रजी 'मोअर'सारखंच दिसतं. त्याच्या आधी 'टू' आलं तर आणखी दोन आजारी की मोरे नावाचे दोघे, हे पहिलं अक्षर कॅपिटल आहे का यावर ठरवा. पवार हे 'पोवार' असेल, कदम 'कुदम'ही असू शकेल. शंका आली की मोठ्याने वाचा, कानाला लगेच कळतं.

'पायलट', 'गन्स', 'नंबर वन' ही माणसांची नावं नाहीत आणि विमानांशीही संबंध नाही. जहाजावर मार्ग आखणारा अधिकारी पायलट, तोफांवरचा गन्स, आणि कॅप्टनच्या खालचा नंबर वन.

जहाजं सोपी, कारण यादी ठरलेली. आपल्या स्लूप जहाजांना, म्हणजे ताफ्याची राखण करणाऱ्या लहान युद्धनौकांना, नद्यांची नावं होती, पण इंग्रजी वळणाची: सतलज, जमना, नरबदा, गोदावरी, कावेरी, किस्टना. घरच्यांनी 'क्रिस्टिना' नावाची नर्स धरली होती, ती ही किस्टना, आपल्या कृष्णेच्या नावाचं जहाज. वाचलेलं नाव तारखेशी ताडून बघा. जमना आणि सतलज जुलै १९४३मध्ये सिसिलीच्या चढाईत होत्या, गोदावरी ऑगस्ट १९४४मध्ये सेशेल्सजवळ जर्मन पाणबुडी बुडवण्यात होती.

गावांनाही तारीखच उपयोगी पडते. १९४५च्या जानेवारीत ३ तारखेला अक्याब, १२ला म्येबॉन, २१ला रामरी इथे सैन्य उतरलं. १२च्या आसपास 'एम'ने सुरू होणारं नाव दिसलं तर आधी म्येबॉन धरून बघा. नकाशा जुना घ्या, अक्याब आता सिट्वे आहे.

एवढं करून जे उरेल ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या (सीडब्ल्यूजीसी) संकेतस्थळावर शोधा. तिथे फक्त मृतांची नावं असतात, म्हणून न सापडलेला माणूस वाचला असेल, नाव चुकलं असेलच असं नाही. दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघा. नक्की न झालेलं अक्षर उतरवताना चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्या, अंदाजाने भरू नका. मूळ वहीवर पेन्सिलही लावू नका.

आणखी एक. ही डॉक्टरांची वही आहे, त्यात गुप्तरोगाच्या नोंदी असणारच. त्या खलाशांची नातवंडं आज त्याच गावांत राहतात. अशा नोंदींतली नावं घरच्या प्रतीत पूर्ण लिहा, पण बाहेर द्यायच्या प्रतीत आद्याक्षरच ठेवा. मी त्या मुलीला दोन वेगळ्या प्रती करून दिल्या.