पहिलं शिकारीचं धनुष्य घेताय? या चुका टाळा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. हे सगळं अमेरिकेतल्या, त्यातही विस्कॉन्सिनमधल्या हरणांच्या शिकारीबद्दल आहे, जिथे लायसन्स काढून ठरलेल्या सीझनमध्ये धनुष्यबाणाने शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती करणं गुन्हा आहे, त्यामुळे महाराष्ट्रात बसून वाचत असाल तर यातलं तिरंदाजीपुरतं जे उपयोगी आहे तेवढंच घ्या. इथे विस्कॉन्सिनमध्ये नव्याने आलेले दोनचार मराठी लोक दरवर्षी मला पहिलं धनुष्य कुठलं घ्यावं हे विचारतात. व्हिसावर असताना बंदूक बाळगायची तर फेडरल कायद्याच्या अटी बघाव्या लागतात, धनुष्याला तो कायदा बंदूक धरत नाही, म्हणून बरेच जण आधी धनुष्याकडे वळतात आणि मग सगळे त्याच त्याच चुका करतात ज्या मी केल्या.

जास्त पाउंडाचं धनुष्य घेणं

पहिल्या वर्षी मी ७० पाउंडाचं कंपाऊंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतलं. पाउंड म्हणजे धनुष्याचं स्वतःचं वजन नाही, दोरी ओढायला लागणारा जोर. दुकानात उबेत उभं राहून, टीशर्टवर, दोनचार वेळा ओढलं, जमलं, काउंटरवरचा माणूस म्हणाला सवय होईल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाडावरच्या स्टँडवर अडीच तास बसलो होतो, शून्याखाली सात डिग्री, अंगात तीन थर आणि वरून जाड जॅकेट, आणि एक मादी चालत चालत बावीस यार्डांवर येऊन आडवी उभी राहिली. याहून चांगली संधी मिळत नाही. मी ओढायला गेलो तर खांदे आखडलेले, दोरी अर्ध्यावर येऊन अडली, जोर मिळावा म्हणून मी धनुष्य वर आभाळाकडे नेलं, त्यात जॅकेट करकरलं आणि तिने मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला, नाकातून जोरात फुर्र केलं, पांढरी शेपूट वर, आणि गेली. घरी येताना गाडीत एकच विचार होता की त्या थरथरत्या हातांतून बाण सुटला असता तर तो फुप्फुसाऐवजी पोटात बसला असता आणि ते जनावर रात्रभर तडफडलं असतं.

म्हणून कुणीही विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगतो. कंपाऊंडमध्ये ओढताना मधल्या टप्प्यात पूर्ण वजन लागतं, मग दोन्ही टोकांचे कॅम, म्हणजे ती चाकं, फिरतात आणि वजन एकदम उतरतं, त्याला लेट-ऑफ म्हणतात. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर ६० पाउंडाचं धनुष्य पूर्ण ओढून धरून ठेवायला १२ पाउंडच लागतात. त्यामुळे ओढून झाल्यावर सगळं सोपं वाटतं, पण मधला तो चढ पार करावाच लागतो, आणि तो चढ थंडीत, बसल्या जागी, आवाज न करता पार करायचा असतो. घेण्याआधी दुकानात खुर्चीवर बसा, जॅकेट घाला, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य टार्गेटच्या रेषेत सरळ ठेवून हळू ओढा. ते वर न्यावं लागलं किंवा पाय खाली टेकावे लागले तर वजन कमी करा. पात्यांचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंचे, वरचे-खालचे बोल्ट सारखेच फिरवून बऱ्याच धनुष्यांचं वजन दहाएक पाउंडांनी खाली आणता येतं, आणि नवशिक्यांसाठीच्या मॉडेल्समध्ये तर याहून कितीतरी जास्त.

आणि ७० शिवाय हरीण पडत नाही असं कुणी सांगितलं तर त्याला हे सांगा. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाऊंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले, आणि त्या स्पर्धेत ६० पाउंडांच्या वरचं धनुष्य चालतच नाही. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी कायद्याने किमान ३० पाउंड लागतात, कोलोरॅडोत एल्कसारख्या दांडग्या जनावरालासुद्धा किमान ३५. किमान म्हणजे तेवढं पुरेसं असं नाही हं, पण हरणासाठी ४५ ते ५५ मध्ये बहुतेकांचं व्यवस्थित भागतं. मी आता ५५ वर आहे.

फक्त त्या दोघांसारखं स्पर्धेचं धनुष्य शिकारीला घेऊ नका. ते लांब असतं, पुढे लांबलचक दांडे असतात, ५० मीटरवर उभं राहून नेम धरायला ते उत्तम, झाडावर फांद्यांमध्ये ते अडकतं. शिकारीचं धनुष्य एका कॅमच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत साधारण ३० ते ३३ इंच असतं.

माप न घेता ऑनलाइन ऑर्डर करणं

बुटाचं माप न घेता बूट घेतला तर पाय दुखतो, धनुष्याचं माप चुकलं तर बाण दरवेळी वेगळीकडे जातो आणि आपण दोष हाताला देत बसतो. ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर किती लांब येते ते माप, काढायची साधी पद्धत अशी, भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंचात मोजायचं आणि अडीचने भागायचं. माझे हात पसरून ६६ इंच, म्हणजे साडेसव्वीसच्या आसपास. माझं पहिलं धनुष्य २९ वर सेट होतं. पुढचा हात कोपरात ताणला जायचा, मागचा हात जबड्याच्या मागे कुठेतरी तरंगायचा, आणि दोरी सुटताना कोपराच्या आत असा फटका बसायचा की आठवडाभर काळानिळा डाग. मी समजत होतो नवीन आहे म्हणून होतंय. अर्धा सीझन त्यात गेला. हे माप फक्त सुरुवातीचं आहे, शेवटचा अर्धा इंच दुकानात कुणीतरी बाजूने उभं राहून बघूनच ठरवतं, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

डोळ्याचं पण बघा. उजव्या हाताने जेवतो म्हणून उजव्या हाताचं धनुष्य, असं नाही. दोन्ही हात पुढे करून अंगठे आणि बोटांमध्ये छोटी खिडकी करा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीत राहते तो तुमचा मुख्य डोळा, धनुष्य शक्यतो त्या बाजूचं घ्या.

स्पीडच्या आकड्याला भुलणं

बॉक्सवर ३४० फूट सेकंदाला लिहिलेलं असतं. तो आकडा ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाचं वजन मोजायचं माप) हलका बाण लावून काढलेला असतो. ड्रॉ एक इंच कमी झाला की दहाएक फूट जातात, पाउंड कमी झाले की अजून जातात, शिकारीचा जड बाण लावला की अजून. माझ्या मापाला, ५५ पाउंडांना आणि ४२० ग्रेनच्या बाणाला तेच धनुष्य २४५ च्या आसपास फेकतं. आणि ते भरपूर आहे, हिशोब केला तर ५६ फूट-पाउंड ताकद होते, हरणासाठी २५ ते ४१ पुरेसे धरतात.

शिवाय कितीही फास्ट धनुष्य घेतलं तरी आवाजाला हरवता येत नाही. आवाज सेकंदाला ११०० फूट जातो. ३० यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पोचतो आणि बाणाला एक तृतीयांशाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात ते पळायच्या तयारीत खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. म्हणून मी स्पीडऐवजी शांतपणा बघतो. जड बाण लावला की धनुष्याचा आवाज आपोआप कमी होतो, आणि पहिली एक-दोन वर्षं २५ यार्डांपलीकडे बाण सोडायचाच नाही असं ठरवून ठेवा.

बाणांवर पैसे वाचवणं

लोक धनुष्यावर आठशे डॉलर घालतात आणि बाण सेलमधले कुठलेही उचलतात. बाणाचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, तो तुमच्या पाउंडाला, बाणाच्या लांबीला आणि पुढच्या टोकाच्या वजनाला जुळलाच पाहिजे. आकडा उलटा चालतो, ३४० चा बाण ४०० पेक्षा ताठ आणि ५०० चा त्याहून लवचिक. बाण बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा चार्ट असतो, तो बघा. माझा २७ इंची बाण आणि पुढे १२५ ग्रेनचं टोक, त्याला ४०० लागला. जास्त लवचिक बाण वाकडातिकडा तर जातोच, पण सुटताना फुटूसुद्धा शकतो.

कार्बनचा बाण प्रत्येक वेळी सोडायच्या आधी दोन्ही टोकांना धरून हलका वाकवा, फिरवा, परत वाकवा, कानाजवळ धरून. बारीक करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून टाका. तडा गेलेला बाण दोरीवर फुटला तर त्याच्या चिरफळ्या पुढच्या हातात घुसतात, यात मी अजिबात हयगय करत नाही.

बाण न लावता दोरी सोडणं

ही चूक माझ्या घरातच झाली. गणपतीला जेवायला मित्र आले होते, धनुष्य हॉलमध्ये भिंतीला टांगलेलं, एकाने बघू तरी म्हणत घेतलं, ओढलं आणि सोडून दिलं. आतून मुलं धावत आली एवढा मोठा आवाज झाला. दोरी कॅमवरून निसटून लोंबत होती, खालचा कॅम वाकलेला आणि पात्याच्या टोकाला केसाएवढी भेग. सुदैवाने कुणाला लागलं नाही. दोरी सोडल्यावर सगळी ताकद बाण घेऊन जातो, बाणच नसेल तर ती पात्यांत, कॅममध्ये आणि दोरीत फुटते. असं झालं तर परत ओढून बघू नका, दोरी घरी चढवायचा प्रयत्न तर मुळीच नको, ते बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) असलेल्या दुकानाचं काम आहे. भेग शोधायची असेल तर कापसाचा बोळा पात्यावरून फिरवा, जिथे तंतू अडकतात तिथे नीट बघा. आणि धनुष्य हॉलमध्ये टांगू नका, कपाटात बंद ठेवा.

प्रॅक्टिस एकाची, शिकार दुसऱ्याची

उन्हाळाभर साध्या टोकांनी सराव केला, २० यार्डांवर बाणाला बाण लागतोय, आणि शिकारीच्या आदल्या रात्री पात्यांची टोकं, म्हणजे ब्रॉडहेड, लावून निघालो, हे फार कॉमन आहे. ब्रॉडहेड हवा पकडतं, धनुष्याचं ट्यूनिंग जरा जरी चुकलेलं असेल तरी तेच बाण चार इंच बाजूला जातात, आणि हरणाच्या छातीतली जी जागा आपल्याला हवी ती आठ-दहा इंचांचीच. सप्टेंबरच्या आधी त्याच ब्रॉडहेडने फोमच्या टार्गेटवर मारून बघा. बाजूला जात असेल तर साइट (नेम धरायची खूण) फिरवून लपवू नका, दुकानात कागदातून बाण मारून ट्यून करून घ्या. कमी पाउंड असतील तर उघडणाऱ्या पात्यांपेक्षा फिक्स पात्यांचं बरं, उघडण्यात ताकद जाते. विस्कॉन्सिनमध्ये ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद लागतं, दुसऱ्या स्टेटमध्ये जाणार असाल तर तिथले नियम वेगळे बघा.

सराव पण जॅकेट, ग्लोव्ह घालून आणि बसून करा. बाही दोरीला लागते हे तेव्हाच कळतं, मग आर्मगार्ड लावा. मनगटाला बांधायचा रिलीज (दोरी धरून सोडायचा खटका) ग्लोव्हवर बसतो का तेही तेव्हाच बघा.

राहून जाणाऱ्या गोष्टी

बजेट धनुष्यात संपतं आणि हार्नेस, म्हणजे झाडावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे, पुढच्या वर्षी घेऊ म्हणतात. नका करू असं. झाडावरून पडणं हा या छंदातला सगळ्यात मोठा धोका आहे. पाय जमिनीवरून सुटायच्या आधी फुल बॉडी हार्नेस झाडाला बांधलेल्या दोरीला अडकवलेला पाहिजे, धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा सीझन असतो, त्या दिवसांत धनुष्यवाल्यांनाही भडक केशरी किंवा गुलाबी कपडे घालावे लागतात, तो जॅकेटावरचा बनियन आधीच बॅगेत टाका.

एक चांगला टॉर्च आणि रंगीत टेप पण घ्या. बाण लागल्यावर लगेच खाली उतरू नका, किमान अर्धा तास बसा. मग बाण शोधा. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसात लागलाय, हरीण जवळच असतं. हिरवट आणि घाण वास असेल तर पोटात, मग सात-आठ तास मागे जायचं नाही, कितीही जीव कासावीस झाला तरी, कारण तुम्ही मागे गेलात की ते उठून मैलभर पळतं आणि मग सापडत नाही. जिथे जिथे रक्त दिसेल तिथे टेप बांधत जा.

आणि हरीण मिळालं तर डोक्याचं सॅम्पल सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा मेंदूचा रोग) टेस्टला द्या. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला, टेस्ट डीएनआर, म्हणजे राज्याचं वन्यजीव आणि शिकारीचं खातं, फुकट करून देतं. रिपोर्ट येईपर्यंत मटणाच्या पिशव्यांवर तारीख आणि नंबर टाकून फ्रीझरमध्ये वेगळ्या ठेवा, निगेटिव्ह आला की मगच रस्सा करा.