लॅपटॉपवरचं मायएसक्यूएल रखडतंय? आधी वेळ कुठे जातोय ते पाहा

मायएसक्यूएलचा डेटाबेस (माहितीचा साठा) आपल्याच लॅपटॉपवर, मधे इंटरनेटही नाही, तरी पान उघडता उघडत नाही. लगेच रॅम वाढवायला धावू नका.

आधी प्रोग्रॅममधून 'सिलेक्ट १' एवढीच क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) चालवा. तिला काही शोधायचंच नसतं. तिलाही सेकंदभर लागला, तर अडतंय ते कनेक्शनमध्ये. विंडोजवर 'लोकलहोस्ट' (म्हणजे आपलंच मशीन) लिहिलं की बऱ्याचदा आधी आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा नेटवर्क पत्ता आजमावला जातो. मायएसक्यूएल फक्त आयपीव्ही४ वर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर चालू असेल तर तेवढा वेळ फुकट जातो. सेटिंगमध्ये लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ टाका. या एका शब्दापायी माझा अख्खा रविवार गेलाय.

कनेक्शन ठीक असेल, तर स्लो क्वेरी लॉग (ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू करा. त्याची मर्यादा मुळात १० सेकंद असते, ती १ वर आणा. नाहीतर लॉग कोराच राहील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

लॉगमध्ये सापडलेल्या क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लावून ती चालवा; मायएसक्यूएल ती कशी शोधणार ते तक्त्यात दिसतं. समजा, २ लाख बिलांतून मोबाइल नंबरवरून एक गिऱ्हाईक शोधायचंय. 'टाइप'खाली 'ऑल' आणि 'रोज'खाली (तपासायच्या ओळींचा अंदाज) २ लाखांच्या आसपासचा आकडा दिसला, म्हणजे चार बिलांसाठी सगळी वही चाळली जातेय. मोबाइलच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) टाका. 'ऑल'चं 'रेफ' (म्हणजे इंडेक्सवरून शोध) व्हायला हवं.

झालं नाही? मग त्याच तक्त्यात 'की'चा रकाना बघा, कुठला इंडेक्स वापरला ते तिथे असतं. तिथे 'नल' (म्हणजे काहीच नाही) असेल तर क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांत आहे का ते तपासा. कॉलम व्हारकॅर (म्हणजे मजकुराचा) आणि तुम्ही दिलाय नुसता आकडा, तर इंडेक्स असूनही मायएसक्यूएल तो वापरू शकत नाही. ही चूक मुरलेले लोकही करतात.

हजारो ओळी भरताना रखडत असेल, तर बहुधा प्रत्येक इन्सर्टनंतर (ओळ भरल्यावर) डिस्कवर नोंद होतेय. सगळे इन्सर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एका गठ्ठ्यात) घ्या, शेवटी एकदाच कमिट, म्हणजे पक्की नोंद.

मेमरीकडे वळायचं ते यानंतर. इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा सांभाळणारा भाग) वापरतं तो बफर पूल, म्हणजे रॅममध्ये डेटा ठेवायची जागा, मुळात १२८ एमबी असतो. ८ जीबी रॅमच्या मशीनवर १ जीबी द्यायला हरकत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर पूल बहुतेक रिकामाच असतो, म्हणून तीच क्वेरी दोनदा चालवा आणि दुसरी वेळ धरा.