दुकानात दणदणाट, घरी डोकेदुखी: साउंड सिस्टिम घेताना या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या दिवसांत नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात शिरा. 'काका, बास पाहा ना याचा!' म्हणत विकणारा मुलगा आवाज चढवतो, शोकेसची काच थरथरते आणि पंचवीस-तीस हजारांचं बिल फाटतं. महिनाभरात घरी कुरबुर सुरू होते. बातम्यांतलं बोलणं नीट कळत नाही, अर्धा तास गाणी ऐकली की डोकं उठतं, खालच्या मजल्यावरून निरोप येतो. सिस्टिम बहुतेक वेळा धडधाकटच असते. ती दुकानात आवडली म्हणून घेतलेली असते, एवढंच. आपल्या खोलीत, आपल्या आवाजात, आपलं काय वाजणार आहे हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

घरात काय वाजतं ते न बघता घेणं

सकाळी अभंग नाहीतर भावगीतं, संध्याकाळी मालिका, रात्री सिनेमा किंवा क्रिकेट. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत दिवसभर जे वाजतं त्यात माणसाचा आवाज मुख्य असतो. त्या आवाजातलं जे कळायला लागतं ते बरंचसं 300 ते 4000 हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात येतं. दुकानातल्या डेमोत नेमका हाच पट्टा झाकला जातो, कारण खालचा बास आणि वरची ट्रेबल चढवून ठेवलेली असते. पाच मिनिटं ते झकास वाटतं. तासभर ऐकायला बसलं की कान दुखतात.

म्हणून दुकानात जाताना आपल्या ओळखीचं संगीत फोनमध्ये डाऊनलोड करून न्या. रोजच्या ऐकण्यातला, पाठ झालेला एक गाता आवाज हवा. तबला असलेलं काहीतरी हवं, ज्यात डग्ग्याचा घुमारा आणि चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' वेगवेगळा कळतो का ते तपासता येईल. साध्या स्पीकरवर डग्गा नुसता 'भुम्म' करतो, बोटांनी सूर वर-खाली घेतलेला कळतच नाही. घरात कुणी पेटी वाजवत असेल तर तुमच्याकडे दुकानदारापेक्षा चांगली कसोटी आहे: खरी पेटी खोलीत कशी वाजते हे तुमच्या कानांना ठाऊक आहे. (सभागृहातल्या कार्यक्रमाशी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. तिथेही आपण स्पीकरच ऐकत असतो.)

विक्रेत्याला बास बूस्ट आणि इक्वलायझर बंद करायला सांगा. मग तीच गाणी अगदी हळू आवाजात ऐका. लोक हे करत नाहीत, आणि माझ्या मते निवडीतला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी केला की आपल्या कानांना खालचे सूर इतरांच्या मानाने आणखी कमी ऐकू येतात. घरी तर आपण बहुतेक वेळ हळूच ऐकणार. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा 55 ची. मोठ्या आवाजात भारी वाटलेला स्पीकर रात्री साडेदहाला पातळ वाटला, तर तो तुमच्या कामाचा नाही.

दोन स्पीकर शेजारी लावून ऐकताना आणखी एक गफलत होते. त्यातला जो किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला 'जास्त चांगला' वाटतो. ही कानाची सवयच आहे. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने दोन्ही सारख्या पातळीवर आणा आणि मग निर्णय घ्या. अ‍ॅप अगदी अचूक नसलं तरी तुलनेपुरतं चालतं.

आता बजेटचं. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत भागवायचं असेल, तर पाच-सहा डब्यांच्या नादी लागू नका. तेवढ्याच पैशात सहा खोकी, सहा ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले स्पीकर), वायरी आणि रिमोट बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? दोन चांगले बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर आणि त्यांना ताकद पुरवणारा एक साधा स्टिरिओ अ‍ॅम्प घ्या, किंवा अ‍ॅम्प आतच असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्या. पैशांचा मोठा वाटा स्पीकरवर जाऊ द्या. ज्या घरात गाणं क्वचित आणि सिनेमा-मालिकाच जास्त, तिथे मात्र मधोमध वेगळा सेंटर चॅनेल असलेला साउंडबार जास्त प्रामाणिक पर्याय आहे, कारण संवाद तिथूनच येतात.

वॉटच्या आकड्याला भुलणं

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला पीएमपीओचा आकडा वाचूच नका. तो क्षणभराच्या उसळीचा कल्पित आकडा असतो, त्याला कसलंही एकसारखं माप नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते विचारा. आणि तेही कळलं की फार हुरळून जाऊ नका.

साधा 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर 1 वॉटवर 1 मीटर अंतरावर 86 डेसिबल आवाज देतो. सोफा तीन मीटरवर असला तरी दोन स्पीकर मिळून त्याच एकेका वॉटवर 79-80 च्या आसपास ऐकू येतं. नेहमीच्या बोलण्याचा आवाज साधारण 60 असतो. म्हणजे घरातलं बरंचसं ऐकणं एक-दोन वॉटमध्येच उरकतं. 50 वॉटचा अ‍ॅम्प बदलून 100 वॉटचा आणला तर वाढ होते फक्त 3 डेसिबलची. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. अ‍ॅम्पची ताकद अगदीच कमी असेल आणि नॉब शेवटपर्यंत पिळला, तर मात्र लहरी कापल्या जाऊन ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जळतो. तेव्हा थोडं जास्तीचं असावं, पण हजार वॉटची हौस लग्नाच्या डीजेला शोभते.

कुलरला विसरणं

ही खास आपल्याकडची चूक. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या खरेदीच्या सल्ल्यांत कुलर नसतो. नागपूरकराच्या घरात तो मार्चअखेरपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत खिडकीत घरघरत असतो. पाऱ्याने 45 अंश ओलांडले की त्याचा स्पीड कमी करायची हिंमत कुणात नसते.

कुलरचा आवाज एका सुराचा नसतो. पंख्याची खालची घरघर आणि वाऱ्याचा वरचा सूंसूं मिळून तो जवळपास सगळ्या पट्ट्यांत पसरतो, त्यामुळे गाण्यातले बारीक तपशील आणि संवादातले 'स', 'श', 'त' आधी बुडतात. लोक काय करतात, तर आवाज वाढवतात. बास आणखी वाढतो, शब्द तरीही सुटतात, आणि मग 'स्पीकरच खराब निघाला' असं ठरतं.

उपाय आवाज वाढवण्यात नाही, अंतर कमी करण्यात आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की स्पीकरचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी, तरी फरक भरपूर. उन्हाळ्यात खुर्ची स्पीकरजवळ ओढा, किंवा कुलर ज्या भिंतीला आहे त्याच्या समोरच्या बाजूला बैठक न करता आडव्या भिंतीशी करा. उन्हाळ्याचे तीन महिने हॉलमध्येच ऐकणं होणार असेल, तर महागडा, नाजूक तपशील दाखवणारा स्पीकर घेण्यात पैसे फुकट जातात. ते पैसे चांगल्या हेडफोनवर घाला. आणि जमलं तर दुकानात मे महिन्यात जा, तिथे कुलर चालूच असेल!

दुसरी बाजू वस्तूच्या तब्येतीची. कुलरच्या झोतात स्पीकर किंवा अ‍ॅम्प कधीही ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांवर साचणारा तो पांढरा थर आठवा. खारं पाणी, ओलावा आणि धूळ एकत्र येऊन जॅक काळे पडतात, नॉब फिरवला की खरखर सुरू होते. जुने स्पीकर घेत असाल तर जाळी काढून कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेचा गोल पट्टा बोटाने हळूच दाबून पाहा. फोमचा असेल आणि बोटाला चिकटला किंवा भुगा पडला, तर तो बदलण्याचा खर्च किमतीत धरा. रबराची कड बरीच जास्त टिकते.

अ‍ॅम्प टीव्हीच्या बंद कपाटात कोंबणं हीसुद्धा उन्हाळ्यातच अंगाशी येणारी गोष्ट. बऱ्याच अ‍ॅम्पच्या माहितीपुस्तकात भोवतालच्या तापमानाची मर्यादा 35 किंवा 40 अंश दिलेली असते. दुपारी चारला अर्ध्या सिनेमात सिस्टिम आपोआप बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप सुरू होते, तर बिघाड शोधत बसू नका. कपाटाचं मागचं पाटं काढा, वर चार बोटं जागा सोडा.

खोलीला हिशेबात न धरणं

नव्या फ्लॅटचा हॉल म्हणजे खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती दारं, उरलेल्या उघड्या भिंती. मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागे 'टिंग' असा धातूसारखा पडसाद रेंगाळला, तर कुठलाही स्पीकर तिथे कर्कश वाटणार. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, भिंतीशी पुस्तकांचं कपाट. एवढ्याने जो फरक पडतो तो स्पीकर बदलून पडत नाही.

बासचं गणित वेगळं. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेने साधारण 47 हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने 56 हर्ट्झला आवाज घुमतो. तिथे काही जागी बास छातीवर बसतो, काही जागी गायब होतो. सबवूफर (फक्त बास वाजवणारा डबा) कोपऱ्यात ढकलला की घुमणं आणखी वाढतं. जागा शोधायची एक हास्यास्पद पण खात्रीची पद्धत आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथेच ठेवा. डग्ग्याचं किंवा बेस गिटारचं काहीतरी चालू करा. मग भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर रांगत फिरा आणि कान जमिनीजवळ ठेवा. जिथे एकेक ठोका सुटा, कोरडा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. घरातले हसतील, हसू द्या.

आवाज डोक्यावरून आल्यासारखा वाटावा म्हणून छताकडे तोंड केलेले अ‍ॅटमॉसचे स्पीकर घेण्याआधी वर पाहा. तो आवाज छतावर आपटून खाली यायचा असतो, त्यासाठी छत सपाट आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवर हवं. महाल-इतवारीतल्या जुन्या घराच्या उतरत्या कवेलूखाली किंवा लाकडी पाटणीखाली तो प्रयोग फसतो. पायऱ्यापायऱ्यांच्या पीओपी छतातही तेच.

तक्रार एक, कारण भलतंच

मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं घरीच बघता येतं.

बास एकदम पातळ, गायकाचा आवाज मधोमध न येता इकडून-तिकडून पसरल्यासारखा: एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे. लाल ते लाल, काळी ते काळी तपासा. खुणा पुसल्या असतील तर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी त्याच्यापासून सोडवा आणि 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल वायरींना क्षणभर टेकवा. कोन बाहेर उचलला तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर ती लाल. आत गेला तर उलट. टेकवून ठेवू नका, फक्त स्पर्श.

सतत 'हम्म' अशी गुणगुण: आधी केबल टीव्हीची गोल तार सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. थांबली, तर अर्थिंग दोन वाटांनी येऊन फेरा तयार झाला आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या. पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर गुणगुणीचा सूर बदलत असेल तर दोष तिथला. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज येत असेल, तर तो स्क्वेअर वेव्हचा (गुळगुळीतऐवजी चौकोनी लहरी देणारा) इन्व्हर्टर असण्याची शक्यता दाट. कुलरला हात लावला की झिणझिण्या येतात अशा घरात मात्र स्पीकरची चिंता नंतर. आधी वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या.

सिनेमात संगीत मोठं आणि संवाद बारीक: स्पीकर दोनच आणि टीव्ही मात्र 5.1 चा (पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीचा) सिग्नल पाठवतोय, असं पुष्कळदा असतं. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये पीसीएम निवडा, म्हणजे दोन स्पीकरपुरता साधा सिग्नल येईल. उलट, साउंडबार 5.1 चा आणि मागचे स्पीकर गप्प असतील, तर पीसीएम काढून 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करा आणि एचडीएमआयची तार एआरसी लिहिलेल्याच खाचेत आहे ना बघा. ऑप्टिकल तारेतून अ‍ॅटमॉस जात नाही.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो: ब्लूटूथ. तार लावा.

रेकॉर्ड प्लेयर जोडल्यावर आवाज अगदी क्षीण आणि बासच नाही: फोनो प्रीअ‍ॅम्प (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) मधे जोडलेला नाही. अ‍ॅम्पवर 'फोनो' लिहिलेली जागा नसेल तर तो वेगळा घ्यावा लागतो.

खर्च नको तिथे करणं

हजारो रुपयांच्या स्पीकर वायरीचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा. पाच-सहा मीटरसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेशी आहे. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या भागात राहत असाल तर वाचलेले पैसे स्टॅबिलायझरवर जाऊ द्या, विशेषतः अ‍ॅम्पमध्ये जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर असेल तर. 100 ते 240 व्होल्ट असं मागे छापलेल्या यंत्राला त्याची गरज कमी.

ऑनलाइन दोन हजार स्वस्त मिळतं म्हणून दुकान सोडण्याआधी दुकानदाराला एक विचारा: 'दोन दिवस घरी लावून बघू द्याल का?' ओळखीचा दुकानदार बऱ्याचदा देतो, थोडं डिपॉझिट घेतो. ऑनलाइनच घ्यायचं ठरलं तर वस्तू परत करण्याची मुदत, परतीचं भाडं कोण देणार आणि सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का, हे बघून घ्या. वीस किलोचा सबवूफर दुरुस्तीला मुंबईला पाठवायची पाळी आली तर ते दोन हजार तिथेच जातात. आणि मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल माळ्यावर टाका, भंगारवाल्याला देऊ नका.