ऑस्ट्रेलियन जुनी नाणी घेताय? या चुका टाळा

मेलबर्न-सिडनीतल्या आपल्या मंडळींना हा नाद पटकन लागतो, कारण कुठल्याही रविवारच्या बाजारात जुन्या पेनींचा डबा असतोच आणि विकणाऱ्याच्या मते त्यातलं प्रत्येक नाणं रेअर असतं.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात १९३० च्या पेनीत. मेलबर्नच्या टांकसाळीत ती जेमतेम दीडेक हजार पाडली गेली असं मानतात, म्हणून लोक दुसऱ्या सालाची पेनी घेतात आणि आकडा कोरून १९३० करतात. आता नाणं असली, धातू असली, त्यामुळे वजन बरोब्बर ९.४५ ग्रॅम भरतं आणि घेणारा खूश! काट्यावर जाऊ नका, भिंगातून शेवटच्या दोन आकड्यांभोवती बघा, ओरखडे किंवा खळगा दिसला की सरळ परत द्या. एवढं महाग नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा (ग्रेड) ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या, आणि डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा कारण डब्यासुद्धा डुप्लिकेट निघतात.

दुसरं म्हणजे चकाकी. पितांबरी, चिंच, लिंबू देवाच्या भांड्यांना ठीक आहे हो, नाण्याला नाही. ब्राँझचा मूळ रंग एकदा गेला की गेला, ग्रेडिंगवाले 'साफ केलेलं' असा शेरा मारतात आणि किंमत धाडकन खाली. स्वस्तातली मऊ पीव्हीसी पाकिटंही नकोत, काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

१९६६ चा गोल ५० सेंट दुर्मिळ नाहीये, कोटींच्या संख्येत पाडलाय. त्यात ८० टक्के चांदी आहे म्हणून भाव आहे, तेव्हा त्या दिवसाचा चांदीचा रेट बघून साधारण साडेदहा ग्रॅमचा हिशोब करा. याउलट २००० सालचा एक डॉलर सुट्ट्या पैशात आला तर राणीच्या बाजूची कड नीट बघा, दुहेरी कड दिसली तर तो १० सेंटच्या डायने, म्हणजे ठशाने, चुकून छापलेला असू शकतो, आणि असा निघाला तर खरंच चांगले पैसे येतात.

टांकसाळीचे ८०-९० च्या दशकातले प्रूफ सेट, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचे संच, 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून घेऊ नका, बरेचसे आज मूळ किमतीलाही जात नाहीत.

आणि १९४२-४३ च्या काही पेनींवर राजाच्या मानेखाली बारीक इंग्रजी आय असतो, त्या आपल्या मुंबईच्या टांकसाळीतल्या. जरूर घ्या, पण लाखोंनी पाडल्यात, झिजलेली असेल तर दोन-चार डॉलरच्या वर देऊ नका.