घरची श्रीमंती कशातून आली, हे कसे तपासावे

एखाद्या शेतकरी घराची श्रीमंती कष्टाची, नशिबाची की वारशाची, हे ठरवायचे असल्यास घरातल्यांच्या आठवणी क्षणभर बाजूला ठेवून सातबारा आणि त्यावरील फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक, हाती घ्यावेत. जमीन वारसाने आली की खरेदीखताने, हे फेरफाराच्या नोंदीवरून, म्हणजे गाव नमुना ६ वरून कळते; खरेदी असेल तर तेवढी रक्कम कोठून उभी राहिली, हेही विचारावे. पाणी स्वतः खोदलेल्या विहिरीचे की शिवारातून गेलेल्या सरकारी कालव्याचे, हे पाहावे. भाववाढ मात्र वेगळी मोजावी, कारण हिंजवडीत आयटी पार्क आल्यावर जमिनीचे मोल वाढले ते नांगरणीमुळे नव्हे. उरलेल्या भागात कष्ट शोधताना शेतमजुरांची मेहनत मालकाच्या नावावर मांडू नये. असे सर्रास होते.